वसतिगृह समितीला खुलं पत्र: जोडी सॉफ्टवेअरने लावा, पण रूम चेंज बंद करू नका

आदरणीय वसतिगृह समितीचे सर्व सदस्य, रेक्टर मॅडम आणि वॉर्डन सर,

सादर नमस्कार.

पुढच्या वर्षीच्या अलॉटमेंटची नोटीस लागलीय आणि ती वाचल्यापासून मला गप्प बसवत नाहीये, म्हणून हे पत्र. ऑफिसात जाऊन साधा अर्ज देता आला असता, पण हा माझ्या एकटीच्या खोलीचा विषय नाही. येत्या वर्षी पहिल्यांदा घर सोडून हॉस्टेलवर येणाऱ्या प्रत्येक मुलीचा, मुलाचा आहे, त्यांच्या आईबाबांचाही आहे, त्यामुळे सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय.

नोटिशीत तीन निर्णय आहेत. एक म्हणजे यापुढे प्रत्येकाने पोर्टलवर प्रश्नावली भरायची आणि सॉफ्टवेअर त्यावरून रूममेट ठरवणार. दुसरा, जोडी "शास्त्रीय पद्धतीने" लागणार असल्यामुळे वर्षाच्या मधे रूम बदलायची जी सोय होती ती आता बंद. तिसरा, जुन्या विद्यार्थ्यांना वेगळी खोली हवी असेल तर आधी आहे त्या खोलीवरचा हक्क लेखी सोडायचा आणि मगच नवीन खोलीसाठी नाव द्यायचं. शिवाय सगळ्यात खाली एक ओळ आहे, की आवश्यकतेनुसार दोघांच्या खोलीत तिसरा बेड टाकला जाईल.

पहिल्या निर्णयाला माझा विरोध नाही, हे सुरुवातीलाच सांगते. सॉफ्टवेअर वापरा, चिठ्ठ्या टाका, आडनावाच्या क्रमाने लावा, काहीही करा. माझा खरा आक्षेप दुसऱ्या निर्णयावर आहे. जोडी कशीही लावा पण ती जमली नाही तर बाहेर पडायचा रस्ता उघडा ठेवा, एवढंच मला म्हणायचंय आणि बाकीचं सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे.

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या दिवसापासून हॉस्टेलवरच राहते. पहिल्या वर्षी मला जी रूममेट मिळाली ती वाईट मुलगी अजिबात नव्हती, हे मुद्दाम लिहितेय कारण तक्रार म्हटलं की कुणीतरी एक वाईट असणारच असं धरलं जातं. तिचा अभ्यास रात्री अकरानंतर सुरू व्हायचा आणि माझी प्रॅक्टिकल्स सकाळी लवकर असायची. तिला टेबल लॅम्पवर डोळे दुखतात म्हणून ट्यूबलाइट लागायची, मग मी डोळ्यांवर ओढणी बांधून भिंतीकडे तोंड करून पडायचे, ती माझी झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात फोनवर बोलायची आणि मी त्या हळू आवाजातलं प्रत्येक वाक्य ऐकत जागी असायचे, आणि मग पहाटे माझा अलार्म वाजला की ती दचकून उठायची आणि तिचा पुढचा अख्खा दिवस खराब जायचा. आम्ही बोललो नाही असं नाही, कितीतरी वेळा बोललो. ती सॉरी म्हणायची, मी सॉरी म्हणायचे, काही दिवस बरे जायचे आणि परत तेच. शेवटी मी उशी घेऊन रीडिंग रूमच्या बाकावर झोपायला लागले. पहिल्या सेमिस्टरचा निकाल काय लागला ते इथे लिहीत नाही, पण घरी तो सांगताना काय वाटलं ते माझं मला माहितीय.

त्या वर्षी रूम चेंजची सोय होती. सेमिस्टर संपता संपता मला दुसरी खोली मिळाली, नवीन रूममेट मिळाली, तिची शाखा वेगळी, भाषा वेगळी, घरची परिस्थितीही माझ्यापेक्षा पूर्ण वेगळी, आणि आजही आम्ही दोघी एकत्रच राहतो. आणि जुनी रूममेट? तिलाही तिच्यासारखीच रात्री जागणारी पार्टनर मिळाली. आज आमची चांगली मैत्री आहे आणि त्याचं कारणच हे, की आम्हाला एका खोलीत राहावं लागलं नाही. ती सोय नसती तर दोन चांगल्या मुली वर्षाच्या शेवटी एकमेकींचं तोंड बघायला तयार नसत्या, असं मी अगदी खात्रीने सांगते.

आता एकेक मुद्दा मांडते.

पहिला मुद्दा प्रश्नावलीचा. सॉफ्टवेअर जोडी लावणार कशावरून, तर मुलांनी भरलेल्या उत्तरांवरून. आणि ही उत्तरं भरली कधी जातात, तर ॲडमिशनच्या गडबडीत, घरी बसून, बऱ्याचदा आई किंवा बाबा शेजारी बसलेले असताना. "रात्री किती वाजता झोपता?" या प्रश्नाला अठरा वर्षांची किती मुलं आईसमोर "दोन वाजता" असं टिक करतील? "खोली स्वच्छ ठेवता का?" याला "नाही" कोण लिहील? शिवाय घरी आपण कसे राहतो ते हॉस्टेलवर टिकतच नाही. घरी लवकर झोपणारी मुलगी इथे पहिल्या महिन्यातच रात्री दोनला कॉरिडॉरमधे गप्पा मारत असते, आणि घरी पसारा करणाऱ्याला इथे अचानक दुसऱ्याचा पसारा सहन होत नाही. म्हणजे मुलं खोटं बोलतात असं मी म्हणत नाहीये, त्यांना स्वतःलाच अजून माहिती नसतं. झोपेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय की किशोरवयात माणसाची झोपेची वेळ पुढे पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास ती सगळ्यात उशिराची असते आणि मग हळूहळू परत मागे येते. म्हणजे ज्या वयात सवयी सगळ्यात जास्त हलताहेत त्याच वयात एकदा भरलेल्या फॉर्मवर तुम्ही अख्खं वर्ष पक्कं करताय.

दुसरं असं की प्रश्न चुकीचे विचारले जातात. मी पोर्टलवरची प्रश्नावली बघितली. छंद काय, संगीत आवडतं का, तुम्ही बोलके आहात की शांत. पण दोन माणसं एका खोलीत राहू शकतात की नाही हे छंदावरून ठरत नाही. दोघींना एकाच गायकाची गाणी आवडली म्हणून काही होत नाही, एकीला ती स्पीकरवर ऐकायची असतात आणि दुसरीला हेडफोनवर, भांडण तिथे होतं. विचारायचंच असेल तर हे विचारा की तुम्हाला काय सहन होत नाही. दिवा चालू असताना झोप लागते का? खोलीत पाहुणे आलेले चालतात का, न विचारता आले तर? तुमची वस्तू कुणी विचारल्याशिवाय वापरली तर काय वाटतं? धुराचा, तीव्र वासाचा त्रास होतो का? पंखा आणि खिडकी यावरून किती जोड्या तुटल्यात ते कुठल्याही जुन्या वॉर्डनना विचारा, आणि पंख्याबद्दल तुमच्या प्रश्नावलीत एक शब्द नाही.

तिसरा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोटिशीत लिहिलंय की जोडी शास्त्रीय पद्धतीने लागणार म्हणून बदलाची गरज उरणार नाही. शास्त्राचं नाव घेतलंयत तर शास्त्र याबद्दल काय म्हणतं ते बघू. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी जोड्या लावण्याच्या प्रश्नावर एक शोधनिबंध लिहिला, आणि शॅपली यांना पुढे २०१२ मधे ऑल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी. कॉलेज आणि विद्यार्थी, असे दोन वेगळे गट असतील तर सगळ्यांची पसंती बघून अशा जोड्या नेहमी लावता येतात की नंतर कुणा दोघांना आपापली जोडी सोडून एकमेकांकडे जावंसं वाटणार नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. पण त्याच निबंधात त्यांनी रूममेटचंही उदाहरण दिलंय, आणि तिथे उलटं दाखवलंय.

ते उदाहरण इतकं सोपं आहे की इथेच सांगते. चार मुली धरा, अ, ब, क आणि ड, आणि दोन खोल्या. अ ला सगळ्यात जास्त ब हवीय, ब ला क हवीय, क ला अ हवीय, आणि ड ही तिघींच्याही यादीत शेवटी आहे. आता तुम्ही कुणालाही ड सोबत टाका. समजा अ ला टाकलं, म्हणजे ब आणि क एका खोलीत. अ ला ड नकोय, ती क कडे जाईल, आणि क ला तर ब पेक्षा अ च जास्त आवडते, म्हणजे ती लगेच हो म्हणेल. जोडी तुटली. ब ला ड सोबत टाका, तेच होईल, क ला टाका, तेच. चार मुली आणि दोन खोल्या, एवढ्याशा प्रश्नातसुद्धा सगळ्या जोड्या टिकतील अशी एकही मांडणी नाही. पुढे १९८५ मधे रॉबर्ट आयर्विंग यांनी अशी टिकणारी मांडणी असेल तर ती पटकन शोधून काढायची पद्धत दिली, आणि नसेल तर ती पद्धत "नाही" असं स्पष्ट सांगते. म्हणजे जगातलं सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर आणलं, सगळ्यांनी अगदी खरी उत्तरं भरली, तरी काही वेळा उत्तरच नसतं. आणि ही तर नुसती कागदावरची पसंती झाली, अजून कुणी एकमेकांसोबत एक रात्रही राहिलेलं नाही. तेव्हा शास्त्राचं नाव घेऊन बदलाची सोय बंद करणं बरोबर नाही, त्याच शास्त्रावरून तर ही सोय किती गरजेची आहे ते कळतं.

यावर कुणी म्हणेल की रूममेट काय, कोणी का असेना, त्याने एवढा काय फरक पडतो, अभ्यास आपला आपण करायचा असतो. तर फरक पडतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रूममेट स्वतः निवडता यायचे नाहीत, ते जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखेच मिळायचे, त्याचा आधार घेऊन ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मधे अभ्यास प्रसिद्ध केला. रूममेटचा परिणाम मुलांच्या मार्कांवर दिसला, कुठल्या ग्रुपमधे सामील व्हायचं यावरही दिसला, पण पुढे मुख्य विषय कुठला घ्यायचा यावर मात्र दिसला नाही. म्हणजे रूममेट आयुष्य ठरवतो असं कुणी म्हणत नाहीये, पण रोजच्या जगण्यावर आणि निकालावर त्याचा हात फिरतो हे नक्की. तुम्ही आम्हाला मार्कांवरून स्कॉलरशिप देता, मार्कांवरून पुढच्या वर्षी हॉस्टेलची सीट देता, आणि त्या मार्कांवर परिणाम करणारी एक गोष्ट वर्षभर कुलूपबंद करून टाकता.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहायला हवी. अनोळखी माणसासोबत राहण्याचा फायदा असतो, खूप असतो. ड्यूक युनिव्हर्सिटीने २०१८ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःचा रूममेट स्वतः निवडणं बंद केलं, कारण मुलं सोशल मीडियावर आधीच आपल्यासारखेच कोणीतरी शोधून ठेवत होती आणि वेगळ्या घरातली, वेगळ्या पार्श्वभूमीची माणसं त्यांना भेटतच नव्हती. अमेरिकेतच २००६ मधे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या गोऱ्या विद्यार्थ्यांना योगायोगाने कृष्णवर्णीय रूममेट मिळाले त्यांची मतं पुढे जास्त समंजस झाली होती. हे मला पटतं, माझ्या स्वतःच्या अनुभवावरून पटतं, आत्ताची माझी रूममेट मी यादीतून कधीच निवडली नसती. उलट शाळेतल्या जिवलग मैत्रिणी हट्टाने एकत्र राहायला येतात आणि त्यांचंच सगळ्यात वाईट होतं हे मी फार बघितलंय, कारण मैत्रिणीला "तुझे कपडे माझ्या बेडवर टाकू नकोस" हे सांगता येत नाही, अनोळखी मुलीला सांगता येतं. म्हणून मी आवडीचा रूममेट मागतच नाहीये. चिठ्ठी टाका, आनंदाने राहू. फक्त नाहीच जमलं तर दार बंद नको.

चौथा मुद्दा, तक्रार करायची पद्धत. हा मुद्दा लिहिताना मला त्रास होतोय पण लिहायलाच हवा. मी जेव्हा रूम चेंजचा अर्ज दिला होता तेव्हा मला आणि माझ्या त्या वेळच्या रूममेटला एकत्र ऑफिसात बोलावलं, आणि मी अर्जात जे लिहिलं होतं ते तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलं गेलं. तिच्या फोनबद्दल, तिच्या रडण्याबद्दल, कारण ती त्या दिवसांत रात्री रडायची आणि त्याची मला काळजी वाटत होती म्हणून मी ते विश्वासाने लिहिलं होतं. ती खाली मान घालून उभी होती. टेबलापलीकडे अजून दोन पालक दुसऱ्या कामासाठी बसलेले होते, तेही ऐकत होते. आणि ते झाल्यावर आम्हाला "समजुतीने घ्या" असं सांगून परत त्याच खोलीत पाठवलं. त्या रात्री आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. ज्यांनी ते वाचलं त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, दोघींना समोरासमोर बसवलं की प्रश्न सुटेल असं त्यांना खरंच वाटलं असेल. पण असं केलं की पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही, सगळे "अभ्यासाला अडचण होते" एवढंच लिहितात आणि मग ऑफिसला वाटतं की मुलं क्षुल्लक कारणासाठी खोली मागतात.

याच मुद्द्यात अजून एक गोष्ट येते. सवयींचं न जुळणं आणि त्रास देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे दोन्हीला एकच फॉर्म आणि एकच टेबल. धमकावणं, वस्तू चोरणं, कुणाचे फोटो न विचारता काढणं, नशा करून खोलीत येणं, जातीवरून किंवा दिसण्यावरून सतत बोलत राहणं, यात समजुतीने घ्यायचं काही नसतं, तिथे त्याच दिवशी वेगळी खोली मिळायला हवी आणि ती त्रास सहन करणाऱ्याच्या मर्जीने. आत्ताचा अलिखित नियम काय, तर जिने तक्रार केली तिने सामान बांधायचं. आणि नव्या नोटिशीनुसार तर तीही सोय उरणार नाही, कारण "बदल बंद" या दोन शब्दांत कुठलाच अपवाद लिहिलेला नाही. तुमच्या मनात अपवाद असेलही, पण नियम मनात ठेवून चालत नाही, कागदावर लागतो.

पाचवा मुद्दा जुन्या विद्यार्थ्यांचा, थोडक्यात सांगते. आहे ती खोली आधी सोडा आणि मग नवीनसाठी नाव द्या, यात काय होतं की ज्याला थोडीशी बरी खोली हवीय तोही घाबरून जागचा हलत नाही, कारण नवीन नाहीच मिळाली तर हातातलीही गेली. मग तळमजल्यावरची खोली पाय दुखणाऱ्याला हवी असते आणि वरची हवेशीर खोली तळमजल्यावरच्याला, दोघांचं सहज भागलं असतं, पण दोघंही आपापल्या जागी चिकटून बसतात. हा प्रश्न फक्त आपल्याच हॉस्टेलचा नाही. अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तायफुन सोन्मेझ या दोघांनी १९९९ मधे कॉलेजच्या घरवाटपाच्या याच अडचणीवर निबंध लिहिला होता आणि उपायही दिला होता. जुन्या विद्यार्थ्याची खोली त्याच्याकडेच सुरक्षित धरायची, त्याला निदान तेवढी तरी मिळणारच याची हमी द्यायची, आणि त्याची खोली दुसऱ्या कुणी मागितली तर आधी त्याला त्याच्या पसंतीची निवडू द्यायची. कुणाचंच नुकसान होत नाही आणि अदलाबदली सुरू होते. नवीन सॉफ्टवेअर घेतलंच आहे तर त्यात हे बसवायला काय हरकत आहे?

सहावा, तिसरा बेड. दोघांसाठी बांधलेल्या खोलीत तिघं म्हणजे झोपायची सोय होते, पण टेबल दोनच, कपाटं दोनच, प्लगही दोन टेबलांपाशीच. तिसरी मुलगी पहिल्या दिवसापासून पाहुणी असते, ती सामान सुटकेसमधेच ठेवते, अभ्यास बेडवर करते आणि चार्जरसाठी रोज कुणाला तरी विचारते. शिवाय तिघांमधे दोघांचं जमतं आणि एक बाहेर पडतो, हे हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. आणि फी मात्र तिघांकडून सारखीच. जागा कमी आहे हे आम्हाला कळतं, कुणालाही हॉस्टेलशिवाय परत पाठवू नये हेही पटतं, पण मग त्या खोलीत कोण जाणार हे आधी सांगा, तिसरं टेबल आणि कपाट बेड टाकायच्या आधी आणा, आणि एखादी सीट रिकामी झाली की सगळ्यात आधी या खोल्यांमधली गर्दी कमी करा.

आता मला माहितीय की समितीच्याही काही काळज्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. एक म्हणजे सोय ठेवली तर सगळेच बदल मागतील. मला असं वाटत नाही. सामान उचलून दुसऱ्या मजल्यावर जाणं, नव्या माणसासोबत पहिल्यापासून सुरुवात करणं, विंगमधल्या सगळ्यांना कारण सांगत बसणं हे कुणालाच हौसेने करायचं नसतं, ज्याला अगदीच असह्य झालंय तोच अर्ज देतो. दुसरी काळजी, की मुलांनी जुळवून घ्यायला शिकलं पाहिजे, हॉस्टेल त्याच्यासाठीच असतं. अगदी बरोबर, पण जुळवून घेणं कुणी शिकवतंय का? पहिल्या दिवशी किल्ली दिली, नियमांचा कागद दिला, झालं. कितीतरी कॉलेजांमधे रूममेट एकत्र बसून लेखी करार करतात, दिवे कधी बंद, पाहुणे कधी, साफसफाई कुणाची, कुठली वस्तू दोघांची आणि कुठली नाही. आणि हा करार पहिल्या दिवशी करून उपयोग नसतो, कारण पहिल्या दिवशी प्रत्येकजण "मला काहीही चालतं" असंच म्हणतो. दोन-तीन आठवडे गेले की काय चालत नाही ते कळायला लागतं, पण तोपर्यंत राग साठलेला नसतो, तेव्हा बसवलं तर मुलं खरं बोलतात. मी रीडिंग रूममधे झोपायला लागायच्या आधी कुणी आम्हाला असं बसवलं असतं तर कदाचित मला खोली बदलावी लागलीच नसती, हे मी मनापासून लिहितेय.

तिसरी काळजी ऑफिसवरच्या कामाची. वॉर्डन सर, तुमच्यावर किती ताण असतो ते आम्ही रोज बघतो, रात्री-अपरात्री आजारी मुलांना दवाखान्यात घेऊन जाणारे तुम्हीच असता. आणि आमच्या विंगच्या सीनियर प्रतिनिधी, त्यांनीच हजेरी घ्यायची, त्यांनीच नियम मोडणाऱ्याचं नाव द्यायचं आणि त्यांनीच भांडण सोडवायचं, मग जिच्याकडे आपलं नाव जाईल तिच्याशी कोण मोकळं बोलणार? तुमच्यावरचं ओझं कमी व्हावं हे आम्हालाही वाटतं, पण बदल बंद करून ते कमी होणार नाही. अर्ज येणार नाहीत एवढंच, त्रास तसाच राहील आणि तो रात्री दोन वाजता तुमच्या दारावर येईल, किंवा न सांगता हॉस्टेल सोडून गेलेल्या मुलीच्या रूपात येईल.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

रूम चेंज बंद करणारं कलम मागे घ्या. प्रत्येक सेमिस्टरमधे किमान एकदा बदलाची मुदत ठेवा, सुरुवातीचे काही आठवडे गेल्यानंतर, म्हणजे घाईतले अर्ज येणार नाहीत, आणि त्यासाठी दोन-चार सीटा राखून ठेवा.

आपसात अदलाबदली करायला चौघं तयार असतील तर त्यांना कारण विचारू नका, सह्या घ्या आणि परवानगी द्या.

सुरक्षिततेच्या तक्रारींसाठी मुदत नको, वेगळं टेबल हवं, त्याच दिवशी वेगळी खोली हवी, आणि कुणी हलायचं हे त्रास झालेल्या व्यक्तीला ठरवू द्या.

अर्जातला मजकूर दुसऱ्या कुणासमोर वाचून दाखवायचा नाही, असं नियमात लिहा.

प्रश्नावली नव्याने तयार करा, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन करा, आणि कॅम्पसवर आल्यानंतर ती एकदा दुरुस्त करायची संधी द्या. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असलेले, चालायला अडचण असलेले यांचं वाटप सगळ्यात आधी करा, त्यांना दरवर्षी तेच मेडिकल कागद परत मागू नका.

जुन्या विद्यार्थ्यांची आहे ती खोली सुरक्षित धरूनच त्यांना नवीन पसंती देऊ द्या.

खोली निवडायच्या आधी खरी माहिती द्या. माहितीपत्रकातला तो एकच फोटो वर्षानुवर्षं चालू आहे आणि तशी खोली या कॅम्पसवर कुठे आहे ते आम्हाला अजून सापडलेलं नाही. कुठला मजला, किती बेड, बाथरूम किती लांब, लिफ्ट आहे का, खिडकी कुठल्या बाजूला, एवढं पोर्टलवर टाकलं तरी पुष्कळ भांडणं आधीच टळतील.

रूममेट करार तिसऱ्या आठवड्यात करायची पद्धत सुरू करा, आणि भांडण सोडवायचं काम हजेरी घेणाऱ्या प्रतिनिधीकडे देऊ नका.

यातल्या कितीतरी गोष्टींना पैसा लागत नाही. ज्यांना लागतो, म्हणजे तिसऱ्या बेडच्या खोल्यांमधली टेबलं आणि कपाटं, त्याच्यासाठी आम्ही थांबायला तयार आहोत, फक्त कधी येणार ते लेखी द्या. पण बदल बंदचं कलम प्रश्नावलीची शेवटची तारीख संपायच्या आत मागे घ्या, कारण नवीन मुलं तो फॉर्म भरताना खाली "मला सर्व अटी मान्य आहेत" यावर टिक करणार आहेत आणि ते टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही.

समितीने विद्यार्थ्यांसोबत खुली बैठक बोलवावी अशी विनंती आहे. आमच्या विंगमधल्या आणि मुलांच्या हॉस्टेलमधल्या ज्यांना हे पत्र मान्य आहे त्यांच्या सह्यांचा कागद वेगळा जोडून रेक्टर मॅडमच्या ऑफिसात देतेय. बैठकीला मी येईन, माझी आत्ताची रूममेट येईल, आणि पहिल्या वर्षीची रूममेटसुद्धा येणार आहे, तिने स्वतःहून सांगितलंय. तिच्याबद्दल इथे जे लिहिलंय ते तिला आधी वाचायला दिलं होतं आणि तिच्या परवानगीनेच छापतेय.

आपली नम्र,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, मुलींचं वसतिगृह